टाका वाचता आला पाहिजे

अमळनेरला राहून लोकरीचं विणकाम कशाला, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आधी त्याचंच उत्तर देऊन टाकते. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, सगळं खरंय. पण डिसेंबर-जानेवारीत हाच पारा रात्री 10 च्या खाली येतो आणि त्या वेळी आमच्याकडचा शेतकरी घरात गोधडीत झोपलेला नसतो, तो गव्हाला नाहीतर हरभऱ्याला पाणी भरत असतो, कारण थ्री फेज लाईटची पाळी रात्रीची आलेली असते. मोटर चालू करायची, बॅटरी घेऊन वाफ्याच्या कडेला उभं राहायचं, एक वाफा भरला की दुसऱ्याला पाणी लावायचं, पाय चिखलात, अंगावर घोंगडी आणि कानाला उपरणं गुंडाळलेलं. माझे सासरे, म्हणजे आबा, पासष्टी ओलांडली तरी हे करतात. मला विणकाम शिकायचं होतं ते त्यांच्या कानांसाठी.

घरात शिकवणारं कोणी नव्हतं. माझी आई क्रोशाचं काम सुंदर करायची, माझ्या रुखवतातली तोरणं, टीव्हीवरचा रुमाल, पाण्याच्या तांब्यावरची मणी लावलेली जाळी सगळं तिच्या हातचं, पण दोन सुयांचं विणकाम तिला येत नव्हतं आणि आमच्या गल्लीतही कोणाला येत नव्हतं. मग यूट्यूब. पंजाब-हिमाचलकडच्या बायकांचे हिंदी व्हिडिओ खूप आहेत आणि त्या इतक्या प्रेमाने शिकवतात की मला त्या सगळ्या ओळखीच्या वाटायला लागल्या. टाके कसे घालायचे, सुलट कसा, उलट कसा, बंद कसे करायचे, हे सगळं तिथे मिळतं. पण एक गोष्ट व्हिडिओत फार कमी मिळते आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे, ती म्हणजे टाका वाचणं. सुईवर आणि सुईखाली आत्ता काय आहे हे डोळ्यांनी ओळखणं. कागदावर खुणा करत, ओळी मोजत विणणारी माणसं मी बघितलीयत, मधे फोन आला की त्यांचं सगळं विणकाम अडतं. वाचता येत असेल तर काहीच अडत नाही, कापडच सांगतं पुढे काय करायचं ते.

आता हे वाचायचं कसं ते जरा सविस्तर सांगते. सुलट टाका समोरून बघितला की इंग्रजी व्ही दिसतो आणि एकावर एक असे टाके आले की ती उभी ओळ अगदी गव्हाच्या ओंबीसारखी दिसते. उलट टाक्याची पुढे एक आडवी गाठ दिसते. गंमत म्हणजे हे दोन वेगळे टाके नाहीतच, एकाच टाक्याच्या दोन बाजू आहेत, समोरून सुलट तोच मागून उलट. हे एकदा डोक्यात बसलं की दोन सुलट दोन उलटची पट्टी करताना मोजायची गरजच उरत नाही, सुईच्या खाली व्ही दिसला तर सुलट घाला, गाठ दिसली तर उलट घाला, बास.

दुसरं म्हणजे टाक्याचे पाय. सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढे आणि एक मागे. आपल्याकडच्या नेहमीच्या पद्धतीत उजवा पाय पुढे असतो आणि त्याच्यातून सुई घालून विणलं की टाका मोकळा बसतो. मागच्या पायातून विणलं की टाका पिळला जातो, व्हीचे दोन्ही पाय खाली एकमेकांवर चढतात आणि कापड घट्ट होतं, कमी ताणलं जातं. आता उलट टाक्याला धागा सुईवरून कुठल्या बाजूने गुंडाळला त्यावर पुढच्या ओळीत पाय कसा बसणार ते ठरतं, आणि वेगवेगळ्या व्हिडिओत ते वेगवेगळं असतं, कोणी धागा उजव्या हातात धरतं, कोणी डाव्या. कोणीच चुकीचं नाही. फक्त सुलट एकीकडून आणि उलट दुसरीकडून शिकलात तर पायाकडे लक्ष ठेवा, सुईच्या टोकाकडचा, म्हणजे उजवा पाय पुढे असो की मागे, त्याच्यातूनच विणा.

मी नोकरीसाठी अमळनेर ते जळगाव रेल्वेने ये-जा करते, सुरत-भुसावळ लाईनवर, आणि माझं निम्मं विणकाम त्या गाडीतच होतं. लांब सरळ सुया गर्दीत शेजारणीच्या कोपराला लागतात म्हणून मी गोल सुई वापरते, म्हणजे दोन छोट्या सुया आणि मधे वायर, तिच्यावर सपाटही विणता येतं आणि सुटलेली सुई बाकाखाली घरंगळत जात नाही. एकदा धरणगावच्या अलीकडे गाडीने असा झटका दिला की एक टाका सुईवरून उतरला आणि खाली पाच-सहा ओळी सुटत गेला. शेजारची आजी घाबरून म्हणाली, "माय व, आते सगळं उसवी गयं का?" मी पिशवीतून क्रोशाची सुई काढली. सुटलेल्या टाक्याच्या वर आडवे धागे दिसतात, शिडीच्या पायऱ्या, प्रत्येक ओळीची एक. खाली जो मोकळा फास आहे त्यात पुढून सुई घालायची, सगळ्यात खालचा आडवा धागा पकडायचा आणि फासातून बाहेर ओढायचा. झाला एका ओळीचा टाका. मग पुढची पायरी. असं वरपर्यंत चढायचं आणि शेवटचा फास परत डाव्या सुईवर ठेवायचा, उजवा पाय पुढे. आजी तोंडाला पदर लावून बघत होती. पाळधी यायच्या आत व्हीची ती ओळ पुन्हा जशीच्या तशी उभी होती आणि कुठे उतरला होता ते मलाही शोधून सापडलं नसतं. विणकामात घाबरण्यासारखं काही नसतं हे मला त्या दिवशी नीट पटलं, कारण सगळं कापड म्हणजे फासातून काढलेला फास एवढंच आहे.

सुयांच्या नंबराबद्दल एक सांगायचंय कारण नवीन माणसाला यात खूप त्रास होतो. आपल्याकडे दुकानात ज्या ॲल्युमिनियमच्या सुया मिळतात त्यांच्यावर बऱ्याचदा जुना ब्रिटिश नंबर असतो, 8 नंबर म्हणजे 4 मिमी, 10 नंबर म्हणजे 3.25 मिमी, 12 म्हणजे 2.75 मिमी, नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत बरोब्बर उलटं, तिथे 8 नंबर म्हणजे 5 मिमी आणि नंबर वाढला की सुई जाड. नेटवरचे निम्मे पॅटर्न अमेरिकन. 4 मिमीवर 10 सेंटीमीटरला 22 टाके बसत असतील तर 100 टाक्यांची रुंदी साडेपंचेचाळीस सेंटीमीटर होते, तेच 5 मिमीवर 18 बसले तर साडेपंचावन्नच्या वर जाते, म्हणजे एका बाजूला 10 सेंटीमीटरचा फरक. म्हणून नंबर विसरा, मिमी बघा.

आणि आधी नमुन्याचा तुकडा विणा. सगळ्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, मला मात्र आता तो भाग सगळ्यात आवडतो, नवीन लोकर हातात घेऊन चांगला 15 सेंटीमीटरचा चौकोन करायचा, धुवायचा, सपाट सुकवायचा आणि मधल्या 10 सेंटीमीटरचे टाके मोजायचे. नुसता सुलट-उलट ओळींचा तुकडा असेल तर त्याच्या कडा आत वळणारच, तो त्या कापडाचा स्वभाव आहे, त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. सगळ्या ओळी सुलट घातल्या तर कापड सपाट राहतं, म्हणून पहिला मफलर तसाच करावा.

आता आबांची टोपी. लोकर म्हणून आमच्याकडे जी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असते, रंग छान, धुवायला सोपी, स्वस्त, लहान मुलांच्या रोजच्या स्वेटरला मी तीच घेते. ती दुकानात दिवाळीच्या सुमारास येते आणि संक्रांतीनंतर हवा तो रंग मिळत नाही, त्यामुळे लागेल तेवढी एकदम घ्यायची आणि लेबलवरचा लॉट नंबर सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना ते बघायचं, नाहीतर मधेच रंगाचा पट्टा दिसतो. पण आबा रात्री शेतात शेकोटीजवळ बसतात. ॲक्रिलिकचा धागा चिमट्यात धरून पेटवून बघा, तो वितळतो आणि त्याचा कडक काळा मणी होतो. खऱ्या लोकरीचा धागा केस जळल्याच्या वासाने जळतो, ज्योत काढली की विझतो आणि बोटाने चोळला की राख होते. वितळणारी वस्तू मी त्यांच्या डोक्यावर ठेवणार नव्हते. शिवाय खरी लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ओल पिऊन घेते तरी ओली लागत नाही, आणि शेतातल्या रात्रीत दव असतंच. आबांच्या घोंगडीची लोकरही अस्सल पण ती जाडीभरडी, कपाळाला टोचते. म्हणून मेरिनो मेंढीची मऊ लोकर ऑनलाइन मागवली. महाग पडली, ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी जास्त, पण एका टोपीला 100 ग्रॅम पुरते.

हिशेब असा केला. डोक्याचा घेर 57 सेंटीमीटर. टोपी ताणून बसली पाहिजे म्हणून साधारण दहा टक्के कमी, म्हणजे 51. माझ्या नमुन्यात 10 सेंटीमीटरला 21 टाके, म्हणजे 107. दोन सुलट दोन उलटला चारच्या पटीत आकडा लागतो म्हणून 108. आबांना सांगितलं तर खुश झाले, म्हणे माळना मणी बी इतलाच ऱ्हातस. खाली 12 सेंटीमीटर पट्टी विणली, ती दुमडली की कानावर दोन पदर येतात, आणि वर सगळं सुलट, गोल गोल. शेंड्याला 108 चे 12-12 चे नऊ भाग केले, प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाके एकत्र, मग एक फेरी साधी, परत कमी, असं अकरा वेळा केलं की नऊ टाके उरतात, त्यांच्यातून धागा ओवून आवळायचा. वरून बघितलं तर नऊ रेषा मधोमध येऊन मिळतात, इतकं देखणं दिसतं की मी ती टोपी आबांना द्यायच्या आधी किती वेळ नुसती बघत बसले होते.

सासूबाईंना एकच विनंती केली की ही धुण्याच्या दगडावर धोपटायची नाही. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि टोपी आटून नमदा, म्हणजे जाड घट्ट थर होते. गार पाणी, थोडा शाम्पू, न पिळता टॉवेलात दाबायची आणि सावलीत सपाट पसरायची. त्या आता स्वतःच धुतात, मला हात लावू देत नाहीत.

उन्हाळ्यात मात्र लोकर हातात धरवत नाही, घामाने धागा बोटाला चिकटतो, ॲल्युमिनियमची सुई ओली होते. मी तेव्हा बांबूच्या सुया आणि सुती धागा घेते आणि गच्चीवर रात्री बसते. नंदुरबारच्या माझ्या बहिणीचं बाळ ऐन चैत्रात झालं, त्याच्या बाळंतविड्यात मी सुती टोपरं आणि अंगडं दिलं. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर 34-35 सेंटीमीटर असतो त्यामुळे काम पटकन होतं, पण सुताला लोकरीसारखी लवचिकता नाही, ताणलं की ताणलेलंच राहतं, म्हणून पट्टीला एक नंबर बारीक सुई घ्यायची आणि बंद नाड्या लावायच्या. एक मनात राहतंच, एवढा कापूस आमच्या काळ्या मातीत पिकतो, जिनिंगमध्ये सरकी काढून गठाणी बाहेर जातात, आणि विणायचा चांगला सुती धागा मात्र मला बाहेरून मागवावा लागतो. इथल्या कापसाचा विणायचा धागा इथेच मिळाला तर मी पहिली गिऱ्हाईक.

सध्या सुईवर आबांचे मोजे आहेत, पाणी भरून आल्यावर घालायला. तळव्याचा घेर 25, म्हणून साडेबावीसचा मोजा, धागा 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन कारण नुसती लोकर टाचेत लवकर विरते. टाच वळवणं मला सगळ्यात अवघड सांगितलं होतं लोकांनी. त्यात ओळ पूर्ण न करता मधूनच परत फिरायचं असतं, आणि जिथून फिरलात तिथे दोन टाक्यांच्या मधे एक फट दिसते. पुढच्या वेळी त्या फटीपर्यंत यायचं, फटीच्या दोन्ही बाजूचे टाके एकत्र विणायचे, एक टाका जास्त घ्यायचा आणि परत फिरायचं. मोजायचं काहीच नाही, फट बघायची. सपाट कापडाला आपोआप खोलगट टाच येते, पहिल्यांदा होताना बघाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवाल. माझा एक मोजा झालाय, दुसरा गहू पेरायच्या आधी झाला पाहिजे.