घरीच केलेला मूड लाइट: माझा अनुभव

सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटसाठी हा दिवा करताना कोडची एक ओळही लिहावी लागली नाही. बोर्डात टाकायचं आणि मोबाइलवरून दिवा चालवायचं डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. खरं काम आहे ते वीज नीट पोचवण्याचं. सामान थोडकंच: प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येणारी डब्ल्यूएस२८१२बी पट्टी १ मीटर (६० एलईडी), ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपचा नोडएमसीयू बोर्ड, ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर, पट्टीच्या प्लस-मायनसवर लावायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ३३० ओहमचा रेझिस्टर.

एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो, म्हणजे पट्टीला ३.६ अँपिअर. मोबाइलच्या १ अँपिअर चार्जरवर बोर्ड सारखा रीसेट होतो. पट्टीची वीज मी थेट अडॅप्टरवरून घेतली, बोर्डातून नाही. ग्राउंड (मायनस) मात्र पट्टी आणि बोर्ड दोघांचा एकच हवा, नाहीतर रंग भलतेच उमटतात. शेवटाकडे पांढरा रंग लालसर दिसला तर व्होल्टेज पडतंय. निळ्याला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून तो आधी मंदावतो. दुसऱ्या टोकालाही प्लस-मायनस जोडले की रंग सारखा होतो.

डेटाची वायर बोर्डाच्या डी४ पिनवरून रेझिस्टरमार्फत पट्टीच्या डीआयएन (डेटा आत घेणाऱ्या) टोकाला. बोर्डाचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, पट्टीला हवा ३.५. वायर आखूड असेल तर बहुतेक वेळा चालून जातं, लांब झाली की पट्टी लुकलुकते. मध्ये सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारी ७४एएचसीटी१२५ चिप घालावी, मी ती वगळत नाही.

वर दुधी अ‍ॅक्रिलिक. साइनबोर्डवाल्यांकडे तुकडे मिळतात. पट्टीपासून अडीच सेंटिमीटर तरी लांब ठेवा, नाहीतर ठिपके दिसतात.

रात्रीच्या मंद उजेडासाठी ब्राइटनेस अगदी खाली आणू नका. उबदार रंग लाल २५५, हिरवा १२०, निळा २० धरा. ब्राइटनेस २५५ पैकी १० केला की निळ्याचा आकडा एकाखाली जातो आणि रंग बिघडतो. त्याऐवजी डब्ल्यूएलईडीच्या सेगमेंटमध्ये (पट्टीच्या भागाच्या सेटिंगमध्ये) स्पेसिंग २ द्या: दर तिसराच एलईडी पेटतो, रंग शाबूत राहतो.

वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. डब्ल्यूएलईडीत सांगलीचे अक्षांश १६.८५, रेखांश ७४.५८ भरून सूर्यास्ताच्या टायमरला दिवा लावणारा प्रीसेट (साठवलेली सेटिंग) जोडला की दिवा सूर्यास्ताला आपोआप लागतो. आणि सेटिंगमधली ‘पॉवर आल्यावर चालू’ ही खूण काढून टाका, नाहीतर रात्री गेलेले लाइट परत आले की दिवाही पेटतो.