किती शिट्ट्या झाल्या?

"तीन झाल्या की गॅस बंद कर," एवढं सांगून आई भाजी आणायला खाली गेली. मी "हो" म्हणालो. माझ्या तोंडून हे "हो" नेमकं कोण म्हणतं, याचा पत्ता मला अजून लागलेला नाही. मी मोबाइलमध्ये होतो आणि मान वर व्हायच्या आत ते निघूनही गेलं होतं.

आई परत आली तेव्हा घरभर डाळ लागल्याचा वास. "किती झाल्या?" स्वयंपाकघर माझ्यापासून आठ पावलांवर. कुकरची शिट्टी म्हणजे काही कुजबुज नव्हे, तरी मला एकही आठवेना. तेवढ्यात डक्टपलीकडच्या खिडकीतून शेजारच्या काकू ओरडल्या, "वहिनी, सहा झाल्या हो तुमच्या!"

खरं तर मी ओशाळायला हवं होतं, पण मला काकूंचंच नवल वाटलं. त्यांच्याकडे मिक्सर चालू, गॅसवर त्यांचाही कुकर, आणि तरी आमच्या सहा नि त्यांच्या चार असा चोख हिशेब. विचारलं तर म्हणाल्या, "त्यात काय! तुमची शिट्टी घोगरी, आमची किनरी. शिवाय तुमची वाजायच्या आधी जरा खाकरते."

कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली नेमकं हेच तपासून पाहिलं होतं, फक्त कुकरशिवाय. हेडफोनमधून दोन कानांत दोन वेगळी भाषणं लावायची आणि एका कानातलं ऐकता ऐकता मोठ्याने म्हणत जायचं. दुसऱ्या कानात पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली, तर ते लोकांना कळायचं. पण इंग्रजीचं जर्मन झालं, तरी पत्ता नसायचा. म्हणजे लक्ष नसलेल्या कानातून आवाजाचा पोत तेवढा आत येतो, मजकूर उंबऱ्याबाहेरच राहतो. पुढे १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी त्या बेवारशी कानात ऐकणाऱ्याचं नावच पेरलं. साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू आलं. (आमच्या आजीला कमी ऐकू येतं; पण आतल्या खोलीत तिचा विषय निघाला की बाहेरून "काय गं माझं?" येतंच. ती त्या एकांतली.)

मग मला सहा शिट्ट्या का ऐकू आल्या नाहीत? याचं उत्तर आमच्या बाबांपाशी आहे. ते टीव्हीसमोर आरामखुर्चीत मस्त घोरतात. बातम्यांत कितीही आरडाओरडा होवो, झोप मोडत नाही. पण टीव्ही बंद करा, तत्क्षणी डोळे उघडतात: "अरे, बघतोय ना मी!" सोकोलोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला बाबा फार आवडले असते. एकाच लांबीचा सूर पुन्हा पुन्हा ऐकवला की माणूस सरावतो, त्याची दखल घेईनासा होतो. मग तोच सूर एकदा लवकर तोडला, तर त्या शांततेनेच तो दचकतो. आता पुढे काय येणार याचा एक नमुना मेंदू धरून बसलेला असतो. तो जुळत गेला की पहारेकरी पेंगायला मोकळा. माझ्या लेखी शिट्टी ही लहानपणापासूनची, घराच्या भिंतींसारखी. एखाद्या दिवशी कुकरच लागला नसता, तर कदाचित मी उठून बघायला गेलो असतो.

हे सगळं खरं असेल, पण आईही त्याच घरात राहते आणि तिला प्रत्येक शिट्टी ऐकू येते. तेव्हा माझा आपला एक घरगुती सिद्धांत आहे: करपलेला तळ ज्याला घासायचा असतो, त्याला शिट्टी ऐकू येते. त्या दिवशी आईने काही न बोलता घासणी माझ्या हातात दिली. तळाशी डाळीचं काळं नाणं चिकटलं होतं. पाऊण तास लागला. तेव्हापासून आंघोळ करतानासुद्धा माझे कान स्वयंपाकघरात असतात.

परवा आईने कुकरचं रबर आणि शिट्टी, दोन्ही नवीन आणली. छान किनरी आहे, खाकरत नाही. काल दुपारी बेल वाजली. दारात कालथा घेऊन काकू.

"अरे, आत्ता झाली ती तुमची की आमची?"

"तिसरी होती, काकू," मी छातीठोकपणे म्हणालो. मी मोजत होतोच. फक्त कुणाची, ते मलाही सांगता येईना.