गच्चीवरच्या टाकीचा कौल

आईच्या गुडघ्यांनी उकिडवे बसण्याशी कायमचा असहकार पुकारला, तेव्हा घरातला देशी पद्धतीचा संडास काढून कमोड बसवायचे ठरले आणि त्याच ओघात 'स्मार्ट टॉयलेट' हा शब्द घरात शिरला. जिच्या लहानपणी 'परसाकडे जाणे' म्हणजे हाती टमरेल घेऊन खरोखरच परसापलीकडे जाणे होते, त्या आईला संडासही हुशार असू शकतो हे काही पटेना. दुकानात आम्ही जवळ जाताच एका कमोडाचे झाकण आपोआप उघडले, तशी ती दोन पावले मागे सरली आणि हळूच म्हणाली, "अरे, हे सगळ्यांनाच असं 'या, बसा' म्हणतं का?"

विक्रेत्याने ऊबदार सीट, कोमट पाण्याचा फवारा, पुढेमागे सरकणारी नळी, वाळवणारी हवा, वास ओढून घेणारा पंखा आणि रात्रीचा मंद दिवा अशी सगळी आरास आमच्यापुढे मांडली. मला हा सारा प्रकार निव्वळ चैनीचा वाटत होता. पण त्याचा पूर्वेतिहास वेगळाच निघाला. जपानच्या टोटो कंपनीने 'वॉशलेट' हे पाण्याच्या फवाऱ्याने धुणारे आसन बाजारात आणले ते १९८० साली. त्याआधी, १९६० च्या दशकात, ती अमेरिकी बनावटीची अशी आसने आणून विकत असे, आणि ती मुख्यत्वे रुग्णांसाठी होती. ऊबदार सीटचे कौतुकही तिथे साहजिकच, कारण जपानी घरांत हिवाळ्यात संडास सहसा थंडगारच असतो. पाण्याचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको होते. पण खांदा दुखत असताना मागे हात वळवून जेट स्प्रे धरणे म्हणजे काय, हे आईला विचारावे. मी दिवे आणि पंखे मोजत होतो, ती मात्र आसनाची उंची आणि आधाराला हात कुठे टेकता येईल एवढेच पाहत होती.

मी मनाशी पक्के केलेले, टाकीविरहित आणि देखणे मॉडेल प्लंबरने घरी येऊन दोन मिनिटांत बाद केले. त्याने भिंतीपासून मैल्याच्या पाइपाच्या मध्यापर्यंत टेप लावला, तर अंतर भरले जेमतेम नऊ इंच, आणि त्या मॉडेलाला हवे होते बारा. भिंतीवरच्या जुन्या फरशीवर नवी फरशी चिकटवण्याचा माझा बेत अमलात आला असता, तर नवातलेही थोडे गेले असते. मग त्याने वर बोट दाखवून विचारले, "साहेब, पाण्याची टाकी कुठे आहे?" आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो, याचा मला गच्चीमुळे आजवर अभिमानच होता. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. आमच्या डोक्यावरची टाकी कमोडापासून जेमतेम तीन मीटर उंच, म्हणजे दाब ०.३ बार. थेट नळाच्या जोरावर धुणाऱ्या बऱ्याच मॉडेलांना याच्या दुपटीहून अधिक दाब लागतो. वेगळा प्रेशर पंप बसवता आला असता, पण पहाटे तीन वाजता एका माणसासाठी सारा मजला जागा करणे मला प्रशस्त वाटले नाही.

उरलेल्या अटी मग भराभर पुढे आल्या. उन्हाळ्यात इमारतीत बोअरचे पाणी येते आणि त्याचा पांढरा थर नळीच्या बारीक छिद्रांत बसतो, म्हणून नळी सहज साफ करता यायला हवी होती. ओल्या जागेत वीज न्यायची म्हणजे अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच यांत काटकसर चालणार नव्हती. "लाइट गेल्यावर काय?" हा आईचा प्रश्न तर विक्रेत्यालाही क्षणभर अडवून गेला.

शेवटी घेतला तो मागे टाकी असलेला, हाताने फ्लश होणारा साधा कमोड, आणि त्यावर आमच्या दाबाला चालणारी, कोमट पाण्याची विजेवरची सीट. रिमोट आम्ही मुद्दाम टाळला, कारण त्यावरची चित्रे ओळखायला आईला चष्मा लागतो आणि चष्मा लावून संडासात जाणे तिला मुळीच मंजूर नाही. बाजूच्या पट्टीवर 'थांबा'चे एक बटण आहे; त्यावर नातीने लाल नेलपॉलिशचा जाड ठिपका लावून दिला आहे.