कोट उलटा करून बघा

जुलै उजाडला की फोन सुरू होतात. कधी आईची मैत्रीण, कधी वहिनीची मावसबहीण. "लेक सप्टेंबरात एडिंबराला येतेय. कोट इथूनच घेऊन देऊ का? आणि कसला घेऊ?" फोनवर उत्तर नेहमी अर्धवट राहतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून आता नीट लिहिते.

पुण्याहून कोट घेऊन पाठवू नका. मी आणला होता. चांगला गलेलठ्ठ, आत पिसं भरलेला. "मॅडम, हा मायनसमध्ये चालतो," असं दुकानदार म्हणाला होता. चालत असेलही. पण एडिंबरात भर जानेवारीतसुद्धा दुपारी सहा-सात अंश असतात. इथे छळतो तो वारा, आणि त्याच्यासोबत आडवा येणारा पाऊस. पहिल्याच ऑक्टोबरात बसथांब्यावर वीस मिनिटं उभी राहिले, तर पिसांचे गोळे होऊन प्रत्येक कप्प्याच्या तळाशी जाऊन बसले. कोट दोन दिवस हीटरवर वाळत होता आणि खोलीभर ओल्या कोंबडीचा वास. पिसांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. पिसं भिजून चिकटली की हवा गेली, ऊबही गेली.

गंमत म्हणजे इथे वर्षाचा पाऊस साधारण पुण्याइतकाच, ७०० ते ७५० मिलिमीटर. पुण्याचा चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, हा बारा महिने भुरभुरत राहतो. छत्रीचं म्हणाल तर वादळाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यांतून मोडक्या काड्या बाहेर डोकावत असतात. त्यावरून काय ते समजा.

तेव्हा ऊब आणि पाणी ही दोन्ही कामं एकाच कपड्याच्या गळ्यात घालू नका. वरचा कोट वारा-पाणी अडवणारा हवा, पातळ असला तरी चालेल. उबेचं काम आतल्या लोकरी स्वेटरचं. लोकर जरा दमट झाली तरी ऊब सोडत नाही. घोंगडीची खोळ घेऊन पावसात मेंढरं राखणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आता वरचा कोट निवडायचा कसा? दुकानात आधी तो उलटा करा. शिवणीचा प्रत्येक टाका म्हणजे कापडाला पाडलेलं भोक. चांगल्या कोटात आतून सगळ्या शिवणींवर बोटभर रुंद पट्टी उष्णता देऊन चिकटवलेली असते. स्वस्तातल्या कोटात ती खांद्यावर आणि टोपीला असते, काखेतली शिवण तशीच उघडी. अस्तरामुळे आतलं दिसत नसेल तर विक्रेत्याला स्पष्ट विचारा. दुखणं जुनंच आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालायचं पेटंट घेतलं. ब्रिटनमध्ये रेनकोटला अजूनही 'मॅक' म्हणतात, ते त्याच्यावरूनच. ते कापड पाणी रोखायचं, पण शिंप्याची सुई त्याला भोकं पाडायची आणि कोट शिवणीतून गळायचा. २०० वर्षांनी माझ्या दुसऱ्या कोटाची काख अगदी तशीच गळली.

लेबलवर १०,००० मिमी वगैरे आकडा असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते झिरपू लागतं, याचं ते माप. म्हणजे दहा मीटर. ऐकायला भारदस्त, पण आकडा कापडाचा आहे, चेनचा आणि शिवणीचा नाही. चेनवर झाकणारी पट्टी आहे का, ते वेगळं बघा.

टोपी चढवून, दोऱ्या ओढून मान उजवीकडे वळवा. टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे. नाहीतर रस्ता ओलांडताना गाडी दिसायच्या जागी अस्तर दिसतं. लांबी मांडीपर्यंत हवी, कमरेपर्यंतच्या कोटावरून निथळलेलं सगळं पाणी जीनवर उतरतं. आणि खिसे! बायकांच्या कोटाला खिशाची नुसती फट शिवणाऱ्यांना एकदा जानेवारीत इथे हातमोजे न घालता, हात मोकळे ठेवून उभं करावं.

कोट नवा असताना पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळतं. वर्षभरात थेंब तसे ओघळेनासे होतात, बाहेरचं कापड ओलंगच्च होतं, घामाची वाफ बाहेर जात नाही आणि आत दमट लागतं. लोक म्हणतात, कोट गळतो. बहुतेकदा गळत नसतो, मळलेला असतो. अशा कपड्यांसाठीच्या साबणाने धुवा, लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवा, थेंब पुन्हा ओघळू लागतात. कपडे मऊ करायचं ते सुवासिक द्रव मात्र चुकूनही घालू नका. मी घातलं होतं. कोट छान मऊ झाला आणि टिपकागदासारखा पाणी प्यायला लागला.

"मग इकडून काय देऊ?" थर्मलचे दोन जोड आणि घरात हाताने विणलेला स्वेटर असेल तर तो. कोट घ्यायला जाताना लेकीला तोच स्वेटर घालून जायला सांगा. कोट वरून चढवायचा आणि बसमधला वरचा दांडा धरल्यासारखा हात उंच करायचा. बाही मनगटावरून कोपराकडे सरकली, तर एक माप मोठा घ्यायचा.