केबल काढली तरी पिंगला उत्तर

तीन आठवडे आमच्या ऑफिसातला प्रिंटर रोज कधीतरी ‘ऑफलाइन’ व्हायचा. बंद नव्हे. दिवा हिरवा, ट्रेमध्ये कागद, काचेवर पान ठेवून झेरॉक्स काढली तर स्वच्छ निघायची. फक्त कंप्युटर म्हणायचा, ऑफलाइन. मग कुणीतरी उठून प्रिंटर बंद करून चालू करायचं, अडकलेली सगळी पानं एकदम बाहेर पडायची, आणि तासाभराने पुन्हा हाक यायची.

मी हिशेबाचं काम बघते. राऊटरचा पासवर्ड माझ्याकडे असतो, त्यामुळे अशी हाक माझ्याकडेच येते. सुरुवातीला मीही बंद-चालूच करत राहिले. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, केबल बदलली, स्पूलर (प्रिंटच्या रांगा सांभाळणारा विंडोजचा भाग) थांबवून अडकलेले जॉब पुसले. दर वेळी वाटलं, झालं आता.

शेवटी एक साधी गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. वही घेतली आणि प्रत्येक वेळी लिहिलं: किती वाजता, कुणाचं होत नाही, आणि त्याच मिनिटाला कुणाचं होतंय. दोन दिवसांत दिसलं की सगळ्यांचं एकदम कधीच बंद पडत नाही. शेजारशेजारच्या टेबलांवर एकाची प्रिंट निघते, दुसऱ्याला ऑफलाइन दिसतं. आणि सकाळी लवकर, निम्मी माणसं यायची असताना, तक्रार जवळजवळ नसतेच. प्रिंटर बिघडला असता तर तो असा माणसं निवडून बिघडला नसता.

ज्या कंप्युटरवरून प्रिंट जात नव्हती तिथून प्रिंटरच्या पत्त्याला, १९२.१६८.१.४५ ला, पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवला. उत्तर आलं. म्हणजे नेटवर्क ठीक, असं समजून मी उठणारच होते. पण तेवढ्यात प्रिंटरची नेटवर्कची केबल उपसली आणि पुन्हा पिंग केलं.

उत्तर येतच राहिलं.

अंगावर काटा आला. केबल माझ्या हातात होती, प्रिंटरचं वायफाय बंद होतं, मग उत्तर देतंय कोण? कमांड प्रॉम्प्टवर ‘एआरपी -ए’ दिलं; कुठल्या पत्त्यावर कुठलं यंत्र आहे याची कंप्युटरची नोंद त्यातून दिसते. त्या पत्त्यासमोरचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरच्या यंत्राचा ओळख क्रमांक) आणि प्रिंटरने छापून दिलेल्या कॉन्फिगरेशन पानावरचा मॅक ॲड्रेस वेगळे होते. आलेल्या मॅकमधलं दुसरं अक्षर ‘ई’ होतं. दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई असेल तर तो मॅक कारखान्यातून आलेला नसतो, यंत्राने किंवा सॉफ्टवेअरने नंतर ठरवलेला असतो. अलीकडचे फोन वायफायला जोडताना असाच पत्ता बनवतात. राऊटरच्या यादीत बघितलं तर खरंच एक फोन निघाला.

घडलं होतं ते असं. प्रिंटर बसवताना कुणीतरी त्याच्या पॅनलवर .४५ हा आकडा हाताने टाकला होता. राऊटरला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो .२० ते .२०० मधले पत्ते येईल त्याला वाटत होता. रात्री प्रिंटर बंद, पत्ता मोकळा दिसला, एका फोनला दिला. मग एकाच घर नंबरावर दोघं. प्रत्येक कंप्युटर कुठला आयपी (१९२... सारखा पत्ता) कुठल्या मॅकचा याची स्वतःची नोंद ठेवतो आणि ती वरचेवर ताजी करतो. ज्याच्या नोंदीत फोन चढला, त्याची प्रिंट फोनच्या ९१०० पोर्टवर, म्हणजे प्रिंटर जिथे प्रिंट स्वीकारतो त्या क्रमांकाच्या दारावर, जाऊन थडकायची. तिथे ऐकायला कुणीच नाही. प्रिंटर चालू होताना मात्र ‘हा पत्ता माझा’ असं सगळ्या नेटवर्कला ओरडून सांगतो, नोंदी सुधारतात. बंद-चालूने बरं वाटायचं ते एवढ्यामुळेच, आणि त्यामुळेच तीन आठवडे खरं कारण झाकलं गेलं.

उपाय अर्ध्या तासाचा. प्रिंटर पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर टाकला आणि राऊटरमध्ये त्याच्या मॅकसाठी .१० हा पत्ता राखून ठेवला. मग प्रत्येक कंप्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्समध्ये जाऊन नवा पत्ता दिला. एका कंप्युटरवर प्रिंट निघत असूनही ऑफलाइनच दिसत होतं. तिथे पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारण्याची) खूण काढली, तेव्हा ते गेलं.

आमच्यातल्या एका ताईंचं सगळ्यात जास्त अडायचं. ‘तुम्हीच काहीतरी दाबता’ असं त्यांना सगळे म्हणायचे, आणि एकदा मीही म्हणाले होते. संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन वही दाखवली, दोन्ही मॅक ॲड्रेस शेजारी लिहिलेले दाखवले. म्हटलं, “ताई, तुमचं काहीच चुकत नव्हतं.” त्यांनी वही हातात घेतली आणि दोन्ही ओळींवरून सावकाश बोट फिरवलं.