जुडगा काही उघडेना

गणपतीला देवरुखला गेलो होतो. परत कोल्हापुरात आलो, लॅपटॉप लावला, तर पासवर्ड चुकीचा. पुन्हा घातला, पुन्हा चुकीचा. दिवाळी अंकाची प्रुफं डोक्यावर बसलेली आणि मी सहा वर्षं रोज घालत आलेला पासवर्ड विसरलो? बायको म्हणाली, "अहो, वय झालं तुमचं."

भाचा आला. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. तिच्या रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीच्या सोयीत शिरला, रूट म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता होऊन नवा पासवर्ड ठेवला. पाच मिनिटांचं काम. माझी डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेली नव्हती म्हणून जमलं. म्हणजे चोराच्या हाती लॅपटॉप पडला तर त्यालाही तेवढीच पाच मिनिटं लागणार, हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं.

आणि मग नवा पासवर्डही चुकीचा! भाच्याचं वय तर काही झालेलं नाही. त्याने पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मामा, तुझा कीबोर्ड मराठीत आहे." जाण्याआधी मीच सेटिंग्जमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी पहिल्या नंबरवर आणली होती. मी एच दाबत होतो आणि आत प जात होता, जे दाबला की र. बाहेर दिसतात ते नुसते ठिपके. म्हणजे जुना पासवर्ड मला पाठच होता, बदलायची गरजच नव्हती.

कीबोर्ड इंग्रजी केला, आत गेलो, तोच दुसरी चौकट: लॉगिन कीरिंग उघडलेलं नाही, पासवर्ड द्या. कीरिंग म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. मेलचे पासवर्ड त्यात असतात, आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड ज्या किल्लीने उघडतात ती किल्लीही. एरवी लॉगिनचा पासवर्ड घातला की हा जुडगा आपोआप सुटतो, कारण दोघांचा पासवर्ड एकच. सेटिंग्जमधून बदलला असता तर जुडग्याचाही बदलला असता. पण रूटने परस्पर बदलला. रूट झाला म्हणून त्याला जुना पासवर्ड थोडाच कळतो? घराचं कुलूप त्याने बदललं, आतली तिजोरी मात्र जुन्याच किल्लीची राहिली.

भाचा म्हणाला, "ती जुडग्याची फाईल उडवू या, नवी आपोआप तयार होते." मी त्याचा हात धरला. तयार होते, पण रिकामी! जुना पासवर्ड घातला, या वेळी इंग्रजीत, आणि उघडलं. मग सीहॉर्स हा किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम उघडून 'लॉगिन'वर राइट-क्लिक करून जुडग्याचाही पासवर्ड बदलला.

सीहॉर्समध्येच माझी जीपीजी किल्लीही दिसली. जीपीजी म्हणजे मेल आणि फाईली कुलूपबंद करणारा प्रोग्राम. एका लेखकाचं हस्तलिखित गुपचूप मागवायला केली होती, नंतर विसरलो. जीपीजी किल्ली करतानाच ती रद्द करायचं प्रमाणपत्रही बनवून ठेवतं, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या प्रमाणपत्राची फाईल उघडली तर पाच आडव्या रेघांच्या आधी एक अपूर्णविराम. माझा मुद्रितशोधकाचा हात लगेच तो काढायला गेला. वर वाचलं तेव्हा कळलं, तो मुद्दाम घातलाय, चुकून फाईल वापरली जाऊ नये म्हणून. रद्द करायची वेळ आलीच तर तेवढा खोडायचा. आयुष्यात पहिल्यांदा एक विरामचिन्ह चुकीच्या जागी असून बरोबर निघालं.

ते प्रमाणपत्र छापून घराच्या कागदांत ठेवलं. कुणाला सापडलं तर तो किल्ली मोडीत काढू शकेल, माझे मेल वाचू शकणार नाही. बाकीचे पासवर्ड आता कीपासएक्ससी या पासवर्ड साठवणाऱ्या प्रोग्राममध्ये आहेत, एका फाईलीत, तिची एक प्रत पेनड्राइव्हवर. त्याचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहिला, तो कागद मात्र घरात नाही.

लॅपटॉपच्या कडेला बायकोने चिठ्ठी चिकटवलीय: 'आधी कोपरा बघा.'