भारतीय पासपोर्टवर दिलेलं ब्रिटिश मत

"तू कोण गं तिथला पंतप्रधान ठरवणारी?" बाबांनी डोंबिवलीहून व्हिडिओ कॉलवर विचारलं. प्रश्न रास्त होता. नवऱ्याने ब्रिटिश पासपोर्ट घेऊन ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) काढलं, माझा मात्र अजून भारतीयच. पण भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे रीतसर राहणाऱ्या भारतीयाला संसदेच्या निवडणुकीतही मत असतं. आणि तेव्हा सत्तेत होता हुजूर पक्ष, म्हणजे त्याच्या सभासदांनी निवडलेला नेताच पंतप्रधान. त्या पक्षाचं सभासद व्हायला तर नागरिकत्वाची अटच नाही. तेव्हा वर्षाचे 25 पौंड भरले की झालं.

मी ते भरले 2022 च्या सुरुवातीला. विचारसरणी वगैरे काही नाही. मे महिन्यात आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या कौन्सिलची निवडणूक होती, गल्लीतल्या एका आजोबांबरोबर चार शनिवार पत्रकं वाटली आणि त्यांच्या आग्रहाला नाही म्हणवेना. जुलैत बोरिस जॉन्सन यांनी राजीनामा जाहीर केला तेव्हा माझं सभासदत्व तीन महिन्यांपेक्षा जुनं होतं, म्हणजे मत पक्कं. मतदार होते 1,72,437. बाबांनी लगेच हिशेब केला, "अगं, आपल्या एका विधानसभा मतदारसंघात याहून जास्त असतात!" खरंच आहे. पावणेसात कोटींच्या देशाचा पंतप्रधान आणि मतदार एका आमदाराला पुरणार नाहीत एवढे.

आधी पक्षाच्या खासदारांनी मतं देऊन उमेदवार गाळायचे. पहिल्या फेरीला आठ जण उभे होते. मला त्यातले टॉम टुगेनहाट आवडले, तेही एका क्षणासाठी. चॅनल फोरच्या चर्चेत विचारलं गेलं, बोरिस प्रामाणिक आहेत का? बाकीचे शब्दांची रांगोळी काढत बसले, यांनी मान हलवली आणि "नाही" म्हणून मोकळे झाले. तीन दिवसांत ते बाहेर. शेवटच्या फेरीत ऋषी सुनक 137, लिझ ट्रस 113, पेनी मॉर्डंट 105. आमच्या हातात आले ते पहिले दोघे.

आता माझी खरी अडचण. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीचं पेरोल बघते. आकड्यांवर पोट आहे, म्हणून मी लेकीच्या शाळेच्या वहीत दोन रकाने आखले आणि मार्क द्यायला बसले. पण वही उघडायच्या आधीच सगळ्यांनी माझं मत गृहीत धरलं होतं. व्हॉट्सअॅपवर "आपला जावई" सुरू झालं. सासऱ्यांची इन्फोसिस पुण्यात सुरू झाली, म्हणून एका ग्रुपवर तर तो थेट पुण्याचा जावई. माणसाचा जन्म साउदम्प्टनचा, आईवडील पूर्व आफ्रिकेतून आलेले, मूळ पंजाबी! ऑफिसातही चहाच्या वेळी एकीने सहज म्हटलं, "तुझं तर ठरलेलंच असेल." त्यानंतर मी जे केलं त्याची आता थोडी लाज वाटते. आपल्या माणसाला मत दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी सुनकना जरा हात आखडताच घेऊन मार्क दिले. शिक्षिका स्वतःच्या मुलाचा पेपर तपासताना करते ना, तसं.

एक गोष्ट मात्र खरोखर खुपत होती. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळवताना आम्ही देशाबाहेरचा एकेक दिवस मोजला होता, कुठल्याही बारा महिन्यांत 180 च्या वर जाऊ नये म्हणून. आजीच्या बाराव्याला मी तीन दिवसांत जाऊन आले. आणि अर्थमंत्रीपदावर असलेल्या माणसाकडे 2021 च्या ऑक्टोबरपर्यंत अमेरिकेचं ग्रीन कार्ड! बायकोचं करापुरतं घर इथलं नव्हतं, म्हणजे परदेशातल्या कमाईवर इथे कर नाही, ते वेगळंच. बेकायदेशीर काही नव्हतं. तरी मी मार्क कापले.

लिझबाईंच्या रकान्यात दुसरी गंमत. तरुणपणी लिबरल डेमोक्रॅट, 2016 ला युरोपात राहण्याच्या बाजूने, आणि आता ब्रेक्झिटवाल्यांची लाडकी. सुनक सुरुवातीपासून ब्रेक्झिटचे. तरी गल्लीतल्या आजोबांच्या लेखी "खरी" ती होती आणि गद्दार हा. 5 जुलैला राजीनामा देऊन त्याने बोरिसच्या पाठीत खंजीर खुपसला म्हणे. साडेचार पौंडांचे कानातले घालणारी लिझ आणि साडेतीन हजारांचा सूट घालणारा ऋषी हेही त्याच जुलैत एका मंत्रीणबाईंनी ट्विटरवर टाकलं होतं. आजोबांनी ते मला दोनदा ऐकवलं. 25 जुलैला स्टोक शहरात झालेल्या टीव्हीवरच्या वादात सुनक तिला वाक्य पुरं करू देत नव्हते, ते मात्र मलाही आवडलं नाही. लेक म्हणाली, "आई, हा तर बाबासारखा बोलतोय." नवरा उठून आत गेला.

मग मी ठरवलं, निदान जे मला कळतं ते तरी नीट तपासू. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापला जाणारा सामाजिक सुरक्षेचा हप्ता. सुनकनी एप्रिलमध्ये तो 12 टक्क्यांवरून 13.25 केला होता आणि ट्रस म्हणत होत्या, आल्याबरोबर ही वाढ रद्द. हे सगळं माझ्या स्क्रीनवरून जातं. गोदामातल्या, वर्षाला 30,000 पौंड मिळवणाऱ्या एका माणसाची पगारपत्रकं समोर घेतली. मार्चमध्ये महिन्याला 204 पौंड कापले जात होते. एप्रिलमध्ये 222. आणि जुलैत? 192. कारण त्याच सुनकनी जुलैपासून कपात जिथून सुरू होते ती पगाराची मर्यादा वर्षाला 12,570 पर्यंत वर नेली होती. म्हणजे ज्या वाढीवरून टीव्हीवर रणकंदन चाललं होतं, ती या माणसापुरती आधीच पुसली जाऊन वर बारा पौंड सुटले होते. हे ना सुनक धड सांगत होते ना कुणी त्यांना विचारत होतं. ट्रस यांचं वचन पाळलं गेलं असतं तर त्याला महिना अजून 18 पौंड मिळाले असते. जास्त पगाराच्या साहेबांना अर्थातच जास्त.

हे 18 पौंड वहीत लिहून मी खाली जागा सोडली. 26 ऑगस्टला ती भरली. ऑक्टोबरपासून साधारण घराचं गॅस-विजेचं बिल वर्षाला 1,971 वरून 3,549 पौंडांवर जाणार, असं नियामकांनी जाहीर केलं. महिन्याला 131 चा फरक. त्याआधी 4 ऑगस्टला बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर 1.75 केला होता आणि महागाई 13 टक्क्यांच्या वर जाईल असं सांगितलं होतं. सुनक म्हणत होते, आधी महागाई, मग करकपात, आणि बिलांसाठी आणखी मदत देऊ. ट्रस यांचा कल करकपातीकडे. "हँडआउट" हा शब्द त्यांनी ज्या सुरात वापरला त्यावर मी लाल पेनने अधोरेखा मारली.

मतपत्रिकेचीही एक कथाच आहे. आधी म्हणाले होते, दिलेलं मत नंतर ऑनलाइन बदलता येईल. मग सायबर सुरक्षावाल्यांनी कान टोचले, ती सोय गेली आणि पाकिटं उशिरा निघाली. एकदा दिलं की दिलं. माझं पाकीट आलं, आणि नवऱ्याने ते पिझ्झाच्या पत्रकांबरोबर रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी डबा पालथा घालून ते काढलं तेव्हा एका कोपऱ्याला दह्याचा डाग होता. आतला कोड शाबूत होता. मत बदलता येणार नाही म्हटल्यावर मी ते पाकीट फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकलं आणि थांबले.

31 ऑगस्टला गणेशचतुर्थी. त्याच संध्याकाळी वेम्बली अरीनात दोन्ही उमेदवारांच्या बारा प्रचारसभांपैकी शेवटची, आमच्या घरापासून पाच-सहा मैलांवर. जाता आलं असतं, पण घरी गणपती, चाळीस माणसं जेवायला. मी ओट्यापाशी रेडिओ लावला. उकड हाताला चटके देत होती आणि तिकडे सुनक समोर बसलेल्या आईवडिलांचे आणि बायकोचे आभार मानत होते. एक मावशी डोळे पुसायला लागल्या. मी कळ्या पाडत राहिले. असल्या गोष्टींना मार्क द्यायचे नाहीत असं आधीच ठरवलं होतं.

मग निवेदकाने ट्रसना विचारलं, नवे कर नाहीत ना? नाहीत. हिवाळ्यात विजेचं रेशनिंग? नाही, करणार नाही. टाळ्या. तोच प्रश्न सुनकना. ते म्हणाले, संकट मोठं आहे, आत्ताच काहीच नाकारून चालणार नाही. त्या सभागृहात हे उत्तर गोड लागणारं नव्हतं. हातातल्या मोदकाची एक कळी फाटली, मी ती ओल्या बोटाने सांधली आणि मनात म्हटलं, झालं आपलं.

रात्री साडेअकराला, शेवटची भांडी लावून झाल्यावर, फोनवर कोड टाकला. समोर दोनच नावं. मी सुनकना मत दिलं. आणि पडद्यावर "मत नोंदलं" आल्यावर पहिला विचार आला तो हाच, की आता सगळे म्हणणार, बघा, ठरलेलंच होतं.

5 सप्टेंबरला निकाल. ट्रस 81,326, सुनक 60,399. दुपारी आजोबा कुंपणापलीकडून हसून म्हणाले, "बॅड लक." मी त्यांना राहिलेले दोन मोदक दिले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 8 सप्टेंबरला राणी गेल्या. त्याच दिवशी सकाळी ट्रस यांनी साधारण घराचं बिल अडीच हजारांवर गोठवत असल्याचं संसदेत सांगितलं. "हँडआउट" म्हणून मी ज्यावर लाल रेघ मारली होती, तेच. आणि सुनक बोलत होते त्याहून कितीतरी मोठं. वही बघून मला हसू आलं. मग 23 सप्टेंबरचं मिनी बजेट आलं, 45 अब्जांची करकपात आणि पैसा कुठून याचं उत्तर नाही. पौंड डॉलरसमोर आपटला. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारीचं गृहकर्ज ऑक्टोबरमध्ये नव्याने ठरायचं होतं, तिला मिळालेला दर सकाळी होता तो दुपारी नव्हता. 20 ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा दिला.

मी पुन्हा वही काढली. उगाच. या वेळी उमेदवारीलाच शंभर खासदार लागणार होते. बोरिस रविवारी मागे हटले, मॉर्डंट सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास. सभासदांपर्यंत काही आलंच नाही. तो सोमवार लक्ष्मीपूजनाचा. दिवे लावताना बाबांचा फोन आला, "तुझा माणूस आला ना शेवटी!" मी म्हटलं, आला, पण मला न विचारता आला. व्हॉट्सअॅपवर पुण्याचा जावई परत अवतरला होता, या वेळी आकाशकंदिलासकट.

नोव्हेंबरचा पगार काढला तेव्हा नॅशनल इन्शुरन्स पुन्हा 12 टक्क्यांवर आला होता. ट्रस यांच्या सगळ्या घोषणांमधून टिकलेल्या थोड्याथोडक्यांपैकी ही एक, आणि ती अमलात आली ज्यांनी तो वाढवला होता त्या सुनक यांच्या कारकिर्दीत. गोदामातल्या त्या माणसाची कपात 192 वरून 174 झाली. महिना अखेरीला त्याचा फोन आला, "अठरा पौंड जास्त आलेत. परत कापून घेणार असाल तर आत्ताच सांगा, मी खर्च करत नाही."

नाही कापणार, म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही, मेलवर लिहून पाठवायला लावलं. मेल पाठवला आणि पगारपत्रकाचा साचा उघडला. ही वाढ आरोग्यसेवेसाठी आहे अशी ओळ सरकारच्या सांगण्यावरून एप्रिलपासून तळाशी छापत होतो, ती काढायची राहिली होती.